घरट्यातून पडलेले बुलबुलाचे पिल्लू: घरी काळजी कशी घ्यावी आणि निसर्गात परत कसे सोडावे

महाराष्ट्रात माणसांच्या घरांना अगदी लागून घरटे बांधणाऱ्या पक्ष्यांमध्ये लालबुड्या बुलबुलाचा क्रमांक फार वरचा आहे. बाल्कनीतली मधुमालती, फाटकावरची बोगनवेल, अंगणातली जास्वंद, क्वचित खिडकीबाहेर टांगलेली कुंडीसुद्धा त्याला पुरते. गवताच्या काड्या, मुळ्या आणि कोळ्याची जाळी यांची ही वाटीसारखी घरटी जमिनीपासून फार उंच नसतात. जोराचा पाऊस, मांजर, कावळा, भारद्वाज किंवा पावसाळ्यापूर्वी होणारी झाडांची छाटणी यांपैकी कशानेही ती मोडतात आणि दोन-तीन पिल्लांपैकी एखादे माणसाच्या हाती येते. म्हणून या लेखात मुख्यतः बुलबुलाच्या पिल्लाचाच विचार केला आहे. साळुंकी, दयाळ, शिंपी अशा पक्ष्यांच्या पिल्लांनाही यातले बरेचसे लागू पडते. होला, पारवा, घार आणि घुबड यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती पुढे स्वतंत्रपणे सांगितली आहे.

पिल्लू खरोखर अनाथ आहे का?

पिल्लू उचलण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा, कारण लोकांनी उचलून आणलेल्या पिल्लांपैकी पुष्कळांचे आईबाप जवळच्याच झाडावर चोचीत अळी धरून माणूस दूर जाण्याची वाट पाहत असतात. बुलबुलाची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण बारा-तेरा दिवसांतच घरटे सोडतात. त्या वेळी त्यांना नीट उडता येत नाही. शेपटी बोटाच्या पेरापेक्षा आखूड असते, बुडाचा लाल रंग फिका असतो, चोचीचे कोपरे अजून पिवळट व मऊ असतात. असे पिल्लू झुडपातून झुडपात उड्या मारत, मधूनच जमिनीवर उतरत काही दिवस काढते आणि या काळात नर व मादी दोघेही त्याला भरवत राहतात. अंगभर पिसे असलेले, बोट पुढे केल्यावर ते पायांनी घट्ट पकडणारे, जवळ गेल्यावर टुणकन लांब सरकणारे पिल्लू हे अशा वयाचे असते. त्याला मदतीची गरज नसते. ते रस्त्यावर किंवा पार्किंगमध्ये असेल, तर अलगद उचलून जवळच्याच दाट झुडपात, जमिनीपासून चार-पाच फूट उंचीवर ठेवावे आणि आपल्या घरातली मांजरे व कुत्री तेवढे दिवस आत ठेवावीत.

याउलट पिसे नसलेले, गुलाबी कातडीचे, डोळे मिटलेले किंवा पिसांचे निळसर कोंब नुकतेच फुटू लागलेले पिल्लू जमिनीवर असेल, तर ते घरट्यातच असायला हवे होते. घरटे शाबूत आणि हाताला येण्यासारखे असेल, तर पिल्लू गरम आहे याची खात्री करून ते घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लाला टाकते, शिवलेल्या चिमणीला इतर चिमण्या टोचून मारतात, हे आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले आहे. ते खरे नाही. भुकेने चोच वासणारे पिल्लू दिसले की त्याला भरवण्याची प्रेरणा आईबापांमध्ये फार प्रबळ असते आणि हाताच्या वासावरून ते पिल्लू नाकारत नाहीत. या एका समजुतीमुळे दरवर्षी कितीतरी पिल्ले विनाकारण आईबापांना मुकतात, म्हणून तिचा निरास घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर आणि मुलांसमोर आवर्जून करावा.

घरटे मोडले असेल, तर पर्यायी घरटे करून द्यावे. नारळाची अर्धी करवंटी यासाठी उत्तम, कारण तिचा आकार आणि खोली बुलबुलाच्या घरट्याशी मिळतीजुळती असते. तळाला दोन-तीन भोके पाडून पाणी निचरेल असे करावे, आत मोडक्या घरट्याचा जो भाग हाती लागेल तो आणि वाळलेले गवत किंवा नारळाची शेंडी घालावी. हिरवे गवत घालू नये. ते ओलसर असते आणि पिल्लाच्या अंगातली ऊब शोषून घेते. ही करवंटी मूळ जागेच्या शक्य तितक्या जवळ, पानांच्या आडोशाला, दुपारचे ऊन थेट पडणार नाही अशी तारेने पक्की बांधावी आणि पिल्लू आत ठेवून आपण तिथून पूर्णपणे निघून जावे. खिडकीच्या पडद्याआडून किंवा निदान वीस-पंचवीस मीटर अंतरावरून दीड-दोन तास लक्ष ठेवावे. आपण झाडाखाली उभे राहून वाट पाहिली, तर आईबाप येणारच नाहीत आणि आपला मात्र समज होईल की पिल्लू अनाथ आहे. भरवायला येणारा पक्षी क्षणभर टेकतो आणि जातो, त्यामुळे मोबाइलकडे पाहत लक्ष ठेवता येत नाही.

तीन परिस्थितींमध्ये मात्र वाट पाहू नये: दोन्ही पक्षी मेलेले प्रत्यक्ष दिसले असतील, पिल्लू जखमी असेल, किंवा ते मांजराच्या तोंडातून सोडवलेले असेल. मांजराच्या दातांची जखम पिसांखाली दिसतही नाही, पण मांजराच्या तोंडातले जंतू रक्तात गेले की पिल्लू एक-दोन दिवसांत दगावते. अशा पिल्लाला त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत, पशुवैद्याकडून प्रतिजैविक मिळायला हवे. ते वरवर ठणठणीत दिसते म्हणून थांबू नये.

कायदा आणि पहिला फोन

बुलबुल हा वन्य पक्षी आहे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 त्याला संरक्षण देतो. या कायद्यानुसार वन्य पक्षी पकडणे, त्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणे हे शिकारीच्या व्याख्येत बसते, आणि कोणत्याही मार्गाने असा प्राणी ताब्यात आला, तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत वनाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. संकटातल्या पिल्लाला आसरा देणाऱ्याने भिण्याचे कारण नाही, परंतु ते पिल्लू आपले नाही आणि पाळण्यासाठी आलेले नाही, हे पहिल्या क्षणापासून मनाशी पक्के असावे. महाराष्ट्रात वनविभागाचा 1926 हा मदत क्रमांक आहे. नागपूरच्या सेमिनरी हिल्स येथे आणि पुण्यात बावधन येथे वन्यजीवांसाठी उपचार केंद्रे आहेत, मुंबईत परळचे प्राण्यांचे जुने रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे बैलघोडा हॉस्पिटल, आहे. लहान गावांत वनरक्षक किंवा सर्पमित्र यांना साधारणपणे जवळच्या केंद्राची माहिती असते.

माझे स्पष्ट मत असे आहे की केंद्र दोन-चार तासांच्या अंतरावर असेल, तर पिल्लू तिथेच पोहोचवावे, कारण तिथे त्याच जातीची इतर पिल्ले असतात, पक्ष्यांची माहिती असलेला वैद्य असतो आणि उडायला मोठी जागा असते. घरची काळजी ही मुख्यतः या मधल्या काळासाठी असते. मात्र आडगावात, सलग पावसात, रस्ता बंद असताना हा मधला काळ लांबतो आणि कधी वनविभाग किंवा केंद्रच फोनवर मार्गदर्शन करून पिल्लू काही आठवडे सांभाळायला सांगते. पुढची माहिती अशा वेळेसाठी आहे.

आधी ऊब, मग पाणी, शेवटी अन्न

हा क्रम कधीही बदलू नये. पक्ष्यांच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा जास्त, 40 ते 42 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते आणि पिसे न आलेल्या पिल्लाला ते स्वतःहून टिकवता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाची पचनक्रिया जवळजवळ थांबलेली असते. त्याच्या पोटात गेलेला घास तसाच राहतो आणि तोच त्याच्या मरणाला कारण होतो. दयेपोटी सर्वांत आधी भरवायला घेणारे लोक नेमके इथे चुकतात.

पुठ्ठ्याचा लहान खोका घ्यावा, त्याला हवेसाठी भोके पाडावीत. आत आमटीची वाटी ठेवून तिच्यात टिश्यू पेपरचे थर असे बसवावेत, की पिल्लाचे पाय पोटाखाली दुमडलेले राहतील. सपाट पृष्ठभागावर ठेवलेल्या पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि ते व्यंग पुढे दुरुस्त होणे अवघड असते. कापूस किंवा सुटे धागे असलेले फडके वापरू नये, नखे आणि बोटे त्यात अडकतात. उबेसाठी गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी आणि पाणी निवले की बदलावी. जुन्या पद्धतीचा 40 वॅटचा तारेचा बल्ब मिळाला, तर तो फूट-दीड फुटावरून वापरता येतो. एलईडी बल्ब या कामाचा नाही, कारण तो पुरेशी उष्णता देत नाही. पिसे नसलेल्या पिल्लाभोवती 32 ते 35 अंश, पिसांचे कोंब आलेल्या पिल्लाभोवती साधारण 30 अंश तापमान हवे. पूर्ण पिसे आलेल्याला सामान्य खोलीचे तापमान पुरते. खोक्यात एक साधा तापमापक ठेवावा, अंदाजावर विसंबू नये. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात संकट उलट असते: खोलीच चाळिशीच्या वर तापलेली असते आणि पिल्लाला ऊब देण्याच्या भरात ते भाजून निघते. चोच उघडी ठेवून धापा टाकणे, मान लांब करणे, पंख अंगापासून दूर धरणे ही अतिउष्णतेची लक्षणे आहेत. अशा वेळी माठाजवळची किंवा कूलरच्या खोलीतली, पण थेट वारा न लागणारी जागा निवडावी.

खोका अंधाऱ्या, शांत खोलीत असावा. टीव्ही, मुले, पाळीव प्राणी आणि शेजारीपाजारी यांच्यापासून तो दूर ठेवणे हा औषधोपचाराचाच भाग आहे. घाबरलेला लहान पक्षी केवळ ताणाने मरू शकतो.

पिल्लू बोटाला गरम लागू लागले, हालचाल करू लागले, की पाण्याकडे वळावे. तोंड आतून चिकट असेल, कातडी सुरकुतलेली असेल, तर त्याच्या शरीरातले पाणी कमी झालेले आहे. क्षार-साखरेचे तयार मिश्रण उकळून कोमट केलेल्या पाण्यात पातळ करून त्याचा एकेक थेंब चोचीच्या कडेला लावावा, म्हणजे पिल्लू तो स्वतः आत ओढून घेते. पाणी तोंडात कधीही ओतू नये, सिरिंजने पिचकारू नये. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या लगेच मागे उघडते. तिथे पाण्याचा थेंब गेला, तर तो थेट फुप्फुसात पोहोचतो आणि आपल्याला कळायच्या आत पिल्लू गुदमरते. याच कारणाने खोक्यात पाण्याची वाटीही ठेवू नये.

काय भरवावे आणि कसे

दूध, दूधभात, दुधात भिजवलेली पोळी किंवा पाव, बिस्कीट, फरसाण यांतले काहीही देऊ नये. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही आणि त्याने हगवण लागते. नुसत्या भातपोळीत वाढीला लागणारी प्रथिने आणि कॅल्शियम नसते. प्रौढ बुलबुल फळे खातो हे पाहून लोक पिल्लाला केळे आणि पपई भरवतात, पण आईबाप अगदी लहान पिल्लांना सुरुवातीचे दिवस प्रामुख्याने अळ्या आणि किडेच आणून देतात. दोन आठवड्यांत पूर्ण पिसे आणि उडण्याचे स्नायू तयार व्हायचे असतील, तर प्रथिनांना पर्याय नाही.

घरी करता येण्यासारखे मिश्रण असे: मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारे चांगल्या प्रतीचे कोरडे खाद्य कोमट पाण्यात स्पंजासारखे मऊ होईपर्यंत भिजवून निथळून घ्यावे, त्याच्या निम्म्या प्रमाणात उकडलेले अंडे, पांढरे आणि पिवळे दोन्ही, त्यात कुस्करावे आणि चिमूटभर कॅल्शियम घालावे. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेण बारीक कुटून, वस्त्रगाळ करून वापरता येतो. तो मिळाला नाही, तर अंड्याची टरफले उकळून, वाळवून, अगदी पिठासारखी दळून घ्यावीत. कॅल्शियम कमी पडलेल्या पिल्लाची हाडे मऊ राहतात, पाय वाकतात आणि पहिल्याच झेपेत पंख मोडतो. हे मिश्रण शीतकपाटात एक दिवस टिकते, मात्र प्रत्येक वेळी लागेल तेवढेच बाहेर काढून कोमट करावे आणि उरलेले टाकून द्यावे. जोडीला नाकतोडे, छोट्या हिरव्या अळ्या, पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणारी वाळवीची पाखरे, किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) द्यावेत. केसाळ अळ्या आणि औषध फवारलेल्या शेतातले किडे देऊ नयेत. लहान पिल्लासाठी मीलवर्मचे डोके काढून तुकडे करावेत. पिसे पूर्ण आल्यावर हळूहळू पपई, पिकलेले केळे, उंबराचा गर सुरू करावा.

भरवण्यासाठी बोथट टोकाचा प्लास्टिकचा चिमटा किंवा आइस्क्रीमची काडी घासून अरुंद केलेली चांगली. घास मटाराच्या दाण्याच्या निम्म्याएवढा आणि पाणी न ठिबकणारा असावा. वाटीच्या कडेवर हलकेच टिचकी मारली किंवा पिल्लावर हाताची सावली धरली, की घरट्यावर आई टेकल्याचा भास होऊन पिल्लू मान उंचावून चोच वासते. घास जिभेमागच्या श्वासनलिकेच्या तोंडापलीकडे, घशात खोलवर ठेवावा आणि चिमटा लगेच मागे घ्यावा. तो गिळला गेला, तोंड रिकामे झाले, याची खात्री करून मगच दुसरा द्यावा. साधारण तीन-चार घासांनंतर पिल्लू चोच वासणे थांबवते. तेवढेच त्याला पुरे असते, बळेच भरवू नये. उबेत ठेवल्यानंतर तासाभरानेही ते चोच वासत नसेल, तर चोच नखाने उघडण्याचा प्रयत्न करू नये. लहान पिल्लाची चोच मऊ असते आणि ती कायमची वाकडी होऊ शकते. अशा पिल्लाला वैद्याची गरज आहे.

पिसे नसलेल्या पिल्लाला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दर वीस ते तीस मिनिटांनी, कोंब फुटलेल्याला साधारण चाळीस मिनिटांनी आणि पिसे आलेल्याला तासाभराने भरवावे लागते. रात्री भरवायचे नसते, पक्षीणही रात्री भरवत नाही. हे वेळापत्रक वाचताना सोपे वाटते, पण नोकरी करणाऱ्या एकट्या माणसाला ते पाळणे शक्य नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करून आधीच दुसऱ्या कोणाची तरी मदत घ्यावी किंवा पिल्लू सोपवावे. दुपारचे चार तास उपाशी राहिलेले पिल्लू संध्याकाळी दुप्पट भरवून भरून येत नाही.

प्रत्येक एक-दोन वेळा भरवल्यावर पिल्लू शेपूट उंचावून पातळ पांढऱ्या पापुद्र्यात गुंडाळलेली विष्ठा टाकते. रानात आईबाप ती चोचीने उचलून दूर नेतात किंवा गिळतात, इथे ती चिमट्याने आपण उचलायची. पापुद्र्यातली घट्ट विष्ठा हे पोट ठीक असल्याचे लक्षण आहे. ती पाण्यासारखी, हिरवी किंवा दुर्गंधीयुक्त झाली, तर आहारात काहीतरी चुकते आहे किंवा संसर्ग आहे. चोचीभोवती आणि अंगाला लागलेले अन्न ओल्या कापसाच्या बोळ्याने लगेच पुसावे. ते वाळले की त्याखालची पिसे झडतात. रोज सकाळी पहिला घास देण्यापूर्वी एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लाचे वजन घ्यावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. वाढत्या वयात सलग दोन सकाळी वजन वाढले नाही किंवा घटले, तर बाहेरून काही दिसत नसले तरी वैद्याला दाखवावे. केंद्रात पिल्लू सोपवताना ही वही वैद्याला फार उपयोगी पडते.

प्रत्येक वेळी हात साबणाने आधी आणि नंतरही धुवावेत आणि पिल्लाची भांडी स्वयंपाकघरातल्या भांड्यांत मिसळू नयेत. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले किंवा आजारी आढळले, तर त्यांना हात लावू नये. 2006 साली देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत झाला होता. अशी घटना पशुसंवर्धन विभागाला कळवावी.

जी पिल्ले अशा रीतीने वाढवू नयेत

होला आणि पारवा यांची पिल्ले चोच वासतच नाहीत. ती आपली चोच आईबापांच्या तोंडात खुपसून त्यांच्या अन्नपिशवीत तयार होणारे दुधासारखे घट्ट द्रव्य पितात. अंगावर पिवळसर केसांसारखी लव आणि जाडसर मऊ चोच यांवरून ती ओळखता येतात. त्यांना किड्यांचे किंवा अंड्याचे मिश्रण चालत नाही आणि पहिल्या आठवड्यातले पिल्लू घरी जगवणे अत्यंत कठीण असते, म्हणून त्यांना ऊब द्यावी आणि सोपवावे. घार, शिक्रा, गव्हाणी घुबड, पिंगळा यांची पिल्ले हाडांसकट शिकार खातात. नुसत्या खिम्यावर त्यांची हाडे बनत नाहीत, त्यांच्या नखांनी हाताला खोल इजा होते आणि ती माणसाळतातही लवकर. पोपटाच्या पिल्लाबाबत सांगायचे, तर ते पिंजऱ्यात वाढवणे हा गुन्हा आहे, घरात पूर्वीपासून पोपट पाळण्याची रीत असली तरीही.

कावळे एखाद्या काळसर, ठिपकेदार पिल्लाभोवती कलकलाट करत असतील, तर ते कोकिळेचे पिल्लू असण्याची शक्यता आहे. कावळेच त्याचे पालक आहेत, ते त्याला त्रास देत असतीलच असे नाही. थोडा वेळ पाहिले, तर कावळी त्याला भरवतानाही दिसेल.

माणसाळू देऊ नये

पिल्लाचा जीव वाचतो, पण ते माणसाला आईबाप समजू लागते, आणि मग त्याला रानात सोडणे म्हणजे मांजराच्या पुढ्यात सोडणे ठरते. हा धोका साळुंकी, कावळा आणि घुबड यांच्यात अधिक असला, तरी बुलबुलालाही तो आहे. डोळे उघडल्यानंतर, म्हणजे पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून, पिल्लाला फक्त भरवण्यापुरते आणि साफसफाईपुरते हाताळावे. त्याच्याशी बोलू नये, खांद्यावर बसवू नये, नाव ठेवू नये, फोटोसाठी हातातून हातात फिरवू नये. घरातल्या मुलांना हे जड जाते, परंतु त्यांना कारण समजावून सांगितले, तर मुले मोठ्यांपेक्षा अधिक कसोशीने नियम पाळतात, असा माझा अनुभव आहे. दोन पिल्ले असतील, तर ती एकत्रच ठेवावीत. एकटे असेल, तर त्याच जातीच्या दुसऱ्या पिल्लासोबत वाढवण्याची सोय केंद्रात होते का, हे पुन्हा विचारावे. खोका अशा खिडकीजवळ असावा, जिथून बाहेरच्या बुलबुलांचे आवाज दिवसभर कानावर पडतील.

झेप घेण्याची तयारी

पिल्लू वाटीच्या कडेवर येऊन पंख फडफडवू लागले, की खोका अपुरा पडतो. या टप्प्यावर तारेचा पिंजरा वापरू नये. तारांवर आपटून शेपटीची आणि पंखांची पिसे मोडतात आणि मोडलेली पिसे पुढच्या पिसगळतीपर्यंत नवी येत नाहीत. बाल्कनीत किंवा पडवीत बांधलेली जुनी मच्छरदाणी हा त्यावरचा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. ती जितकी लांब, तितके चांगले, कारण पक्ष्याला वर-खाली फडफडण्यापेक्षा सरळ उडण्याचा सराव हवा असतो. खालची कड विटांनी दाबून मांजर, उंदीर आणि साप शिरणार नाहीत असे पाहावे. आत पेरू, चिंच यांच्या निरनिराळ्या जाडीच्या फांद्या बांधाव्यात. सगळीकडे एकाच जाडीचे गुळगुळीत रूळ लावले, तर पायांचा व्यायाम होत नाही. दिवसाचा काही वेळ थेट ऊन पडेल आणि सावलीही हाताशी असेल, अशी जागा हवी. कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यासाठी लागणारे ड जीवनसत्त्व पक्ष्याला उन्हातून मिळते आणि काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग होत नाही.

आता हाताने भरवणे कमी करत आणावे. उंबर, सिंगापूर चेरी, करवंदे यांच्या फळांसकट तोडलेल्या डहाळ्या आत टांगाव्यात, म्हणजे फळ फांदीवरून तोडून खायचे असते हे पक्षी शिकतो. ताटलीत कापून दिलेल्या पपईवर वाढलेल्या पक्ष्याला झाडावरचे उंबर ओळखता येत नाही. उथळ परातीत पालापाचोळा पसरून त्यात जिवंत किडे सोडावेत. पाण्याची उथळ ताटली आता ठेवता येते. तो तिच्यात पंख भिजवून अंघोळ करेल, मग चोचीने पिसे साफ करेल, आणि या सवयीमुळेच पिसांवर पाणी न टिकण्याचा गुण येतो. रानातही घरटे सोडल्यावर बुलबुलाची पिल्ले साधारण दोन-तीन आठवडे आईबापांच्या मागे मागे अन्न मागत फिरत असतात. त्यामुळे पिल्लू उडू लागले म्हणून दुसऱ्याच दिवशी सोडून देण्याची घाई करू नये.

सोडणे

सोडण्यापूर्वी पक्षी सलग आठवडाभर हाताच्या मदतीशिवाय खात असावा आणि वजन टिकवून असावा. तो जमिनीवरून थेट वर उडून उंच फांदी गाठत असावा. शेपूट पूर्ण वाढलेली, पिसे न मोडलेली असावीत आणि अंगावर पाणी शिंपडले असता ते घरंगळून पडत असावे. माणूस आत आला की तो दूर, उंच जाऊन बसत असावा. या शेवटच्या कसोटीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. एखादा पंख लोंबत असेल किंवा उड्डाण एका बाजूला कलत असेल, तर पक्षी सोडू नये आणि त्याचे काय करायचे हा निर्णय वनविभागाच्या व वैद्याच्या हाती द्यावा. सोडण्याची जागा आणि वेळही वनविभागाला कळवून ठरवावी.

जिथे पिल्लू सापडले तोच परिसर बहुधा सर्वांत योग्य असतो, कारण तिथे बुलबुल राहतात आणि अन्न आहे हे सिद्ध झालेले असते. दूरच्या अभयारण्यात नेऊन सोडण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण अनोळखी जागी, अन्न कुठे आहे हे माहीत नसलेला कोवळा पक्षी तिथे फार काळ टिकत नाही. सलग दोन-तीन दिवस पावसाची उघडीप असेल अशी सकाळ निवडावी. सूर्योदयानंतर तासाभराने, आसपास कावळे आणि मांजरे नाहीत हे पाहून, मच्छरदाणीची एक बाजू वर बांधून ठेवावी आणि आपण आत जावे. पक्ष्याला हातात धरून हवेत उडवू नये. तो पाच मिनिटांत जाईल किंवा दुपारपर्यंत दारातच बसून राहील, दोन्ही ठीक आहे. संध्याकाळी तो परत आत आला, तर बाजू खाली सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावी.

त्यानंतर निदान दोन आठवडे त्याच जागी रोज सकाळी आणि दुपारी फळे व थोडे किडे ठेवत राहावे. सुरुवातीला तो दिवसातून अनेकदा येतो, मग एकदा, मग दिवसाआड. इतर बुलबुलांसोबत येऊ लागला, की ताटलीतले अन्न निम्मे करावे आणि पुढच्या आठवड्यात बंद करावे. तो जवळ येऊन पंख थरथरवत अन्न मागू लागला, तरी हातावरून भरवू नये. ताटलीत ठेवून मागे सरावे. काही पक्षी पहिल्याच दिवशी जातात आणि पुन्हा दिसत नाहीत. अशा वेळीही ठरलेले दिवस पूर्ण होईपर्यंत ताटली भरत राहावी, कारण वादळी पावसाच्या एखाद्या दिवशी त्याला ती जागा आठवू शकते.